रिक्षावरचा गुन्हा

अमरोलीच्या नाक्यावर हवालदाराने मागच्या सीटखालून पिशवी ओढली, तेव्हा पॅसेंजर ती विसरला असं वाटून रिक्षावाली रंजना त्याला हाक मारायला वळली. तो केव्हाच गर्दीत शिरला होता. पिशवीत दारूच्या बाटल्या होत्या, आणि गुजरातेत दारूबंदी.

दोन दिवसांनी तो माणूस सापडला. बाईला काही माहीत नव्हतं, असं त्याने स्वतःच लिहून दिलं. रंजना साक्षीदार झाली, पण रिक्षा ठाण्यातच राहिली. ती आणायला गेली तर जमादार शांतपणे म्हणाले, "बहेन, गुनो तमारा पर नथी. रिक्षा पर छे."

गुन्हा आपल्यावर नाही, हे ऐकून तिला आधी हायसं वाटलं. कोसाडला घरी पोचेपर्यंत अर्थ कळला: गुन्हा रिक्षावर, म्हणजे रिक्षा सुटणार नव्हती.

सासू कलाबाईला घाबरायचं कारणच कळेना. ती म्हणाली, "तू काही करेल नही, मंग कसाले भेवस?"

नवरा, योगराज, गेल्यावर रंजना रिक्षा शिकली होती. वसाहतीतल्या सात मुली तिच्याच रिक्षाने शाळेत जात. आता त्या दुसऱ्या रिक्षाने जाऊ लागल्या, आणि रंजना पर्वत पाटिया भागात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली. जाता-येता ती ठाण्याच्या आवारात डोकावे. एकदा आरसा दिसला नाही, पुढे बॅटरी गेली, पावसाळ्यात पुढच्या चाकातून वेल वर चढला. विचारलं तर कुणी ओळख दाखवेना.

मग गुजरातीत नोटीस आली. गाडी सरकारजमा का करू नये, ते सांगा. तिने सगळे कागद नेऊन दिले. वकील म्हणाले, दारूबंदीच्या कायद्यात नवी सुधारणा झाली आहे म्हणे, आता गाडी विकायला निकालाची वाटही पाहत नाहीत. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं नाही, लिलावाची तारीख आली.

त्या सकाळी ती भंगारवाल्यांच्या मागे उभी राहिली. बोली पाच मिनिटांत संपली. रिक्षा वराछाच्या एका म्हाताऱ्या माणसाने घेतली. दुसरी बॅटरी जोडून त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. इंजिन नुसतंच खोकत होतं. लोक हसू लागले.

रंजना पुढे झाली. "सरका जरा, काका."

सीटवर बसून तिने हँडलची मूठ किंचित पिळून धरली, आणि इंजिन सुरू झालं. ती लगेच खाली उतरली.

"दुसरा गिअर अडतो," ती म्हणाली. "जोर करू नका. हळूच पडतो."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि रिक्षा फाटकाबाहेर काढली. रंजना कान देऊन उभी राहिली. वळणावर त्याने दुसरा गिअर टाकला, अगदी हळू. मग ती साड्यांच्या कामाला निघाली.