पैसा: तो, ती की ते?

थोआचं फुलांचं दुकान आणि माझं पावाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही पातळ. जर्मनीतल्या केमनिट्झमध्ये ट्रामच्या थांब्याला लागून आम्ही दोघी वर्षानुवर्षं उभ्या आहोत. तिच्याकडे कोण आलं, काय घेतलं, कुणाचं बायकोशी बिनसलंय, सगळं मला काउंटरवर उभ्याउभ्या ऐकू येतं.

थोआ व्हिएतनामहून आली ती इथल्या गिरणीत शिवणकाम करायला, बर्लिनची भिंत पडायच्या आधी. पुढे गिरणी बंद पडली, बरोबरीच्या बायका परत गेल्या, ही राहिली आणि फुलं विकू लागली. जर्मन तिला फुलांनीच शिकवली. आता आमच्या जर्मनमध्ये गुलाब ती, ट्युलिप ती, लिली ती, शेवंतीही तीच. त्यामुळे थोआच्या जगात जे काही आहे ते सगळं 'ती'.

"ग्रिट, मेल्होर्न आली होती," ती मला भिंतीपलीकडून ओरडून सांगायची. "तुझी पाव घ्यायला विसरली!"

मेल्होर्न म्हणजे निवृत्त ट्रामचालक. सहा फूट उंच, झुपकेदार मिशा. दर शुक्रवारी बायकोसाठी फुलं नेतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. कुणीच केली नाही.

आणि तिचं ते वाक्य! ट्युलिपच्या जुडीसाठी कुणी पन्नासची नोट पुढे केली की थोआ मान तिरकी करून विचारायची, "लहान आहे?" सुट्ट्या पैशांना आम्ही 'लहान पैसे'च म्हणतो, क्लाइनगेल्ड. तिने त्यातलं लहान तेवढं ठेवलं आणि पैसे गाळून टाकले. हळूहळू अख्खा थांबा तसं बोलायला लागला. माझ्याही तोंडात तेच बसलं.

मग मागच्या हिवाळ्यात थोआने जाहीर केलं की ती जर्मन नागरिक होणार.

"आता?" मी विचारलं. "इतक्या वर्षांनी?"

"या थांब्याला छप्पर नाही, ग्रिट. निवडणुकीला सगळे येतात, तुला पत्रक देतात, मेल्होर्नला देतात. मला काय देतात? मला विचारतात, गुलाब कितीला. मला मत द्यायचंय."

त्यासाठी भाषेची परीक्षा होती. संध्याकाळच्या वर्गाला ती जाऊ लागली, आणि दुसऱ्याच आठवड्यात सकाळी सकाळी माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. चेहरा असा, की जणू कुणी घरातलं माणूस दगावलंय.

"वर्गातली बाई म्हणते, पैसा 'ती' नाही."

"नाहीच. दास गेल्ड. पैसा 'ते'."

"ते? बाई नाही, बुवा नाही? इतकी वर्षं मी तिला बाई समजून सांभाळलं!"

"मला तरी तू कधी विचारलंस?"

"तू तरी कधी सांगितलंस?"

मी तिला कॉफी दिली. ती प्यायली नाही. गल्ल्यातून एक नोट काढायला लावली. "ही काय?"

"नोट? डेर शाइन. तो."

"आणि हे नाणं?"

"डी म्युंत्से. ती."

थोआ बराच वेळ नोटेकडे आणि नाण्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग नोट काउंटरवर ठेवली, नाणं तिच्यावर ठेवलं, आणि एकदम टाळी वाजवली.

"समजलं! हा तो, ही ती. दोघं एकत्र आली की पोर होतं. पोर म्हणजे ते!"

पाव घ्यायला आलेल्या एका म्हातारीला ठसका लागला. मी शाळेत बारा वर्षं व्याकरण शिकले, पण असा खुलासा मला कुणी केला नव्हता. त्या दिवसापासून थोआ पैशाला कधी चुकली नाही. माझ्या गल्ल्याकडे बोट दाखवून विचारायची, "काय, पोर जेवलं का आज?"

इथवर सगळं छान होतं. पण वर्गातल्या बाईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली, पूर्ण वाक्यात बोलायची. पुढच्या शुक्रवारी मला भिंतीतून ऐकू आलं:

"क्षमा असावी, हेर मेल्होर्न. आपल्याजवळ सुटे पैसे असण्याची काही शक्यता आहे का?"

हेर म्हणजे श्रीयुत, बाईला फ्राऊ; आजवर तिने त्यांना नुसतं मेल्होर्नच म्हटलं होतं. मग दारावरची घंटा वाजली आणि मेल्होर्न माझ्या दुकानात आले. हातात ट्युलिप, मिशा पडलेल्या.

"फ्राऊ ग्रिट, फ्राऊ थोआ माझ्यावर रागावल्यात का?"

"छे हो. का?"

"माझ्याशी बँकेतल्या माणसासारखं बोलल्या. आणि मला 'हेर' म्हणाल्या! मी काय केलं? मागच्या वेळी लिली उमलली नाही म्हणून कुरकुर केली होती, त्याचा राग असेल का?"

ते एकटेच नव्हते. त्या आठवड्यात चार गिऱ्हाइकांनी मला हळूच विचारलं की दुकान विकलं का, मालकीण बदलली का. एक बाई तर घरून नेमकी नाणी मोजून घेऊन यायला लागली, थोआला त्रास नको म्हणून. मेल्होर्न शनिवारी कॉफीचं पाकीट घेऊन माफी मागायला गेले. मी मागोमाग गेले. अशी गोष्ट कुणी भिंतीआडून ऐकतं का?

थोआ हसून हसून स्टुलावर बसली. "रागावले नाही हो! शिकतेय!"

"हे असलं शिकवतात?" मेल्होर्न उखडले. "असं तर माझी सासूसुद्धा बोलत नाही! सरळ म्हणा, 'ते लहान आहे का?' संपलं. तुम्ही एवढी वर्षं बरोबरच बोलत होतात. फक्त 'ते' राहत होतं."

"फक्त 'ते'?"

"फक्त 'ते'."

"म्हणजे पोरच विसरले होते मी," थोआ म्हणाली. मेल्होर्नना काही कळलं नाही.

मग त्यांनी तिची तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. रोज दुपारी फुलांच्या बादल्यांच्या गराड्यात बसून ते वस्तू विचारायचे, ती तो-ती-ते सांगायची. एकदा दह्याची पाळी आली.

"योगर्ट. तो," मी म्हणाले.

"ते," मेल्होर्न म्हणाले.

"माझी आई 'तो' म्हणायची!"

"माझी आई 'ते' म्हणायची, आणि ती दुधाच्या डेअरीत होती!"

आमचा आवाज इतका चढला की ट्रामची वाट बघणारे लोक वळून पाहू लागले. शेवटी शब्दकोश बघितला तर दोन्ही चालतं. थोआ खूश. "जन्मभर जर्मन आहात दोघं, आणि दही ठरवता येत नाही? आणि परीक्षा माझी?"

परीक्षा मार्चमध्ये झाली. तोंडी भागात जोडीला इद्रिस नावाचा तरुण सीरियन न्हावी होता. दोघांनी मिळून शिक्षिकेच्या निरोपसमारंभाचा बेत ठरवायचा होता. इद्रिस घामाघूम.

"तो गप्पच," थोआने आल्यावर सांगितलं. "मग मी म्हटलं, तू काळजी करू नको, पैसे मी जमवते. ते मी डब्यात ठेवते. ते कुणाला हात लावू देत नाही. फुलं माझ्याकडून, स्वस्तात. तू फक्त सांग, बाईंचे केस कोण करणार? मग जो सुटला म्हणतेस, थांबेना!"

"चुकलीस कुठे?"

"परीक्षक साहेबांना मी शेवटी म्हणाले, 'ही साहेब फार चांगली आहे.'" तिने जीभ चावली. "पण ती हसली."

मे महिन्यात निकाल लागला. पास. थोआने भर दुपारी दुकान बंद केलं, जे मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि रविवारी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. मेल्होर्न बायकोला घेऊन आले. थोआची मुलगी लाइपझिगहून आली होती. तळलेले रोल, भाताच्या शेवया, हिरव्या पाल्याचा ढीग.

"आता तुमची परीक्षा," मुलगी म्हणाली. "आमच्यात पैशाला काय म्हणतात? तिएन. आवाज खाली सोडायचा. म्हणा."

"तिएन," मी म्हणाले.

मायलेकी एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या.

"काय झालं? तो, ती की ते?"

"आमच्यात असलं काही नसतं," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "पण तू आवाज सरळ ठेवलास. तसं म्हटलं की पैसा नाही होत, परी होते."

थोआने हात वरून खाली आणून दाखवला. आम्ही तिघांनी तोंडात घास असताना आवाज खाली सोडून पाहिला. चौथ्या खेपेला मला जमलं. मेल्होर्नबाईंना तर पहिल्याच खेपेला जमलं. मेल्होर्न मात्र शेवटपर्यंत परीच मागत राहिले, आणि थोआ त्यांच्या वाटीत शेवया वाढत राहिली.