भिंतीवरून उतरवलेला दांडा

मी एक जुना लाकडी दांडा आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार गोड स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री काय, गंजलेली सायकल काय, शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तसा नाही. माझा एका बाईवर राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

एका सुताराने मला गाठ नसलेल्या सरळ लाकडातून लेथवर गोल केले. माझी जाडी त्याने अंदाजाने ठरवली नाही. एका नर्तकीला बोलावून तिचा पंजा मोजला आणि मूठ पूर्ण मिटणार नाही इतपत मला जाड ठेवले. मी बॅलेच्या वर्गासाठी होतो. बॅले नाचणारे पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहतात आणि सराव करताना त्यांना बाजूला हात टेकायला काहीतरी लागते. टेकायला, मित्रांनो. धरायला नव्हे. पण कुणी घट्ट धरले की लाकडालाही बरे वाटते, हे सुताराच्या लक्षात आले नसावे.

मला एका लांबट खोलीत, खिडक्यांच्या बाजूच्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटांत बसवले. समोर भिंतभर आरसा होता, त्यामुळे मला सगळे दिसायचे, स्वतःसकट. कोपऱ्यात राळेची पेटी होती. मुली त्यात बुटांचे तळवे घासायच्या, म्हणजे पाय घसरत नाही. पलीकडे पियानो आणि पियानोवाले काका. काकांच्या पियानोची एक पट्टी दाबली की वर यायला वेळ लावायची. काका म्हणायचे, "तिचंही वय झालंय, माझ्यासारखं."

मला चेहऱ्यांपेक्षा तळवे जास्त लक्षात राहतात. कोरडे तळवे, घामट तळवे, भ्यायलेले तळवे. हात खाली दाबतोय की बाजूला ओढतोय, हे मला अचूक कळते. आणि या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय होता टाचणीचा तळवा.

टाचणी हे तिचे टोपणनाव. शिडशिडीत अंग आणि टोकावर उभे राहायची हौस, म्हणून काकांनी ठेवलेले. ती लहानपणी आली तेव्हा तिला माझ्यापर्यंत हात वर करावा लागायचा. तिला शिकवणारे सर म्हणायचे, "घट्ट धर. घाबरू नकोस. पडलीस तर मी आहे." मग ती अंगठा माझ्या पोटाखालून घालून मला गच्च आवळायची. वर्षानुवर्षे तिने तीच जागा धरली. तिथे माझे पॉलिश घासून गेले आणि लाकूड मऊ, गुळगुळीत झाले. सर पाहुण्यांना मला थोपटून दाखवायचे, "या दांड्यावर माझ्या मुली घडल्या." मी फुगून जायचो. लाकूड दमट हवेने फुगते म्हणतात. माझ्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे.

टाचणी मोठी झाली, त्या खोलीत सराव करणाऱ्या नृत्यमंडळीची मुख्य नर्तकी झाली. आणि एका सकाळी सर आलेच नाहीत.

काकांनीच तिला सांगितले. सर दुसऱ्या, मोठ्या मंडळीत गेले होते. जाताना तिच्याहून लहान एका मुलीला घेऊन गेले होते. निरोप नव्हता. टाचणीने विचारले, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

काका पियानोकडे बघत राहिले. खोटे बोलायला तेवढा वेळ पुरला असता, पण काकांना ते जमत नाही. "साहेबांना म्हणाले की... तुझ्यात आता नवीन काही निघायचं नाही."

साहेब म्हणजे मंडळीचे संचालक. टाचणी माझ्याजवळ आली आणि नेहमीच्या जागी तिने मला असे आवळले की शेवटच्या ब्रॅकेटचा स्क्रू करकरला. त्या दिवसापासून ती एका पायावर सुटी उभी राहू शकेना. हात सोडला की डगमगायची. हंगामाच्या नव्या नाचात तिलाच मधोमध, कुणाचाही हात न धरता, एका पायाच्या टोकावर उभे राहायचे होते. ते जमले नाही तर भूमिका जाणार होती, आणि भूमिका गेली की सरांचे ते वाक्य खरे ठरणार होते. तिला खरी भीती त्याची होती.

मग सरांच्या जागी ती बाई आली.

जाडजूड, पिकल्या केसांची, पायात पुरुषी चपला. तोंडात सतत लवंग. पहिल्याच सकाळी टाचणीजवळ येऊन म्हणाली, "अंगठा वर."

"आमच्या सरांनी असंच शिकवलंय."

"अस्सं? कुठायत सर?"

खोलीत पियानो थांबला. टाचणीच्या तळव्याला घाम फुटलेला मला कळला. ती म्हणाली, "सरांबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

बाईने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बरं. नाही बोलणार. अंगठा वर घे."

टाचणीने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बाई सुतार घेऊन आली. त्याने माझे स्क्रू काढले आणि मला, उभे आयुष्य भिंतीच्या आधाराने काढलेल्या मला, दोन हलक्या लोखंडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या स्टँडांवर, खोलीच्या मध्यभागी ठेवले. घोड्यांना चाकेसुद्धा नव्हती, म्हणजे पळून जायचीही सोय नाही. वरून हात टेकला तर मी स्थिर. कुणी बाजूला ओढले तर मी कोलमडणार. साधे तरफेचे गणित होते, पण ते माझ्या अंगावर सोडवायची काय गरज होती?

टाचणीने सवयीने मला ओढले. मी, घोडे आणि ती, सगळे जमिनीवर. मागच्या मुली फिस्सकन हसल्या.

"तुम्ही मुद्दाम केलंत!"

"मुद्दामच केलं," बाई म्हणाली. "चुकून सुतार बोलावतात का कुणी?"

टाचणीने उठून मला लाथ मारली. त्याचे मला वाईट वाटले नाही. ती लाथ कुणासाठी होती ते मला ठाऊक होते.

त्यानंतर खोलीत युद्धच सुरू झाले. टाचणीने बाईशी बोलणे टाकले. काही सांगायचे असेल तर काकांमार्फत.

"काका, बाईंना सांगा, माझा घोटा दुखतोय."

"काका, हिला सांगा, घोटा दुखत नाहीये, मन दुखतंय. पुन्हा कर."

"काका, बाईंना विचारा, त्या डॉक्टर आहेत का."

"अगं बायांनो," काका कळवळून म्हणायचे, "मला पगार पियानोचा मिळतो, टपाल वाटायचा नाही!"

मी अर्थात टाचणीच्या बाजूचा होतो. बाई जवळून गेली की मला वाटायचे, हिच्या बोटात लाकडाची एक बारीक कूस घुसवावी. पण मला इतक्या वर्षांच्या तळव्यांनी घासून ठेवले होते, कूस निघेल कुठून?

मग बाईने सुताराचा ओळंबा मागून घेतला. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेले वजन. तो सोडला की दोरा बरोबर उभा राहतो. बाईने तो छतावरून टाचणीच्या शेजारी सोडला आणि म्हणाली, "तुझ्या मते सरळ उभी राहा."

टाचणी उभी राहिली. हात माझ्यावर, मान ताठ. आरशात सगळ्यांना दिसले. तिचे डोके, कंबर आणि पाऊल एका रेषेत नव्हते. कंबर माझ्याकडे चांगली दोन बोटे झुकली होती.

टाचणी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दोराच वाकडा आहे."

यावर काकांनाही हसू आवरेना. टाचणीने त्यांच्याकडे असे बघितले की त्यांनी हसू खोकल्यात बदलले. तिने स्वतः पुढे होऊन वजन हलवले. दोरा डुलला, हळूहळू थांबला. पुन्हा तीच रेषा. तिने खिडकी बंद केली, वाऱ्याने असेल म्हणून. पुन्हा तीच.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," बाई म्हणाली. "मी कोण कालची आलेली. दोऱ्यावर ठेव."

"म्हणजे इतकी वर्षं मी सगळं चूकच करत होते?" टाचणी काकांना मध्ये घ्यायला विसरली होती.

"सगळं नाही. पाय चांगले आहेत. कंबर आधार शोधते."

टाचणी रडली नाही. राळेच्या पेटीपाशी गेली आणि बूट घासत बसली, गरज नसताना.

पुढच्या आठवड्यात साहेब बघायला आले. टाचणीला माझ्याजवळ उभे केले. तिने पाय उचलला, टोकावर चढली, आणि हात सोडायच्या क्षणी तिची नजर आरशात त्या कोपऱ्याकडे गेली, जिथे सर खुर्ची टाकून बसायचे. खुर्ची अजून तिथेच होती. अंगठा माझ्या पोटाखाली गेला, ओढ लागली आणि मी पुन्हा धाडकन खाली.

साहेबांनी पँटवरची धूळ झटकली आणि तिच्यादेखतच बाईला म्हणाले, "काय हे! त्या माणसानं पोरगी वाया घालवली म्हणायची. तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटले, आता ही बोलणार. हिला याहून सोपी संधी कधी मिळणार? सरांच्या नावाने खडे फोडायचे आणि स्वतःची बाजू राखायची. टाचणी जमिनीवर बसलेली होती. तिचा हात माझ्यावरच पडलेला होता आणि तो थंडगार झाला होता.

बाई म्हणाली, "पाया त्यांनी घातलाय. चांगला घातलाय. पुढचं मी बघते."

"पुढचं कधी? पुढच्या सोमवारी जमलं नाही तर मी दुसरीला उभी करणार."

"सोमवारी या."

साहेब गेले. मुलीही पांगल्या. टाचणी म्हणाली, "का नाही बोललात?"

"कशाबद्दल?"

"सरांबद्दल. तुम्हाला वाटतं तेच साहेब म्हणत होते."

"तू नको म्हणाली होतीस ना." बाईने मला उचलून घोड्यांवर ठेवले. "ऊठ. आता डोळे मिटून कर. आरशात बघितलंस की तू त्या खुर्चीकडे जातेस."

"डोळे मिटून मी पडेन."

"पडशील कदाचित."

"तुम्ही पकडाल?"

मित्रांनो, या प्रश्नाला गोड उत्तर देता येते. मी ते उत्तर वर्षानुवर्षे ऐकले होते. बाई म्हणाली, "नाही. मी पकडणार नाही. पण पडशील तेव्हा इथेच उभी असेन."

टाचणीने तिच्याकडे बराच वेळ बघितले. असे, जसे आधी दोऱ्याकडे बघितले होते. मग डोळे मिटले. तळवा माझ्यावर आला. अंगठा वरच राहिला. ती टोकावर चढली. तिच्या पावलातले बारीक बारीक स्नायू इकडेतिकडे हलत होते, तोल शोधत होते, आणि ते हलणे तळव्यातून मला पोचत होते. मग ओझे हलके झाले. बोटांच्या टोकांपुरते उरले. मग तेही नाही.

ती उभी होती. मला धरले नव्हते. कुणालाच धरले नव्हते.

आणि मग ती पडली. चांगली दणकन, कोपरावर. बाईने पकडले नाही. शब्दाची पक्की निघाली, एवढे मला मान्य करावे लागेल. ती तिथेच उभी होती, त्याच चपलांत.

"बाई, तुम्ही खरंच नाही हो पकडलंत!"

"म्हणाले होते की."

"काही दयामाया आहे की नाही?"

"सोमवारनंतर. चढ पुन्हा."

टाचणी कोपर चोळत उठली. तिने डोळे मिटले, यावेळी न सांगता.

सोमवारी ती साहेबांसमोर डोळे उघडे ठेवून उभी राहिली. काकांनी सुरावट लांबवली, मग आणखी लांबवली, तरी ती खाली येईना. शेवटी साहेबच म्हणाले, "पुरे, पुरे, कळलं." भूमिका तिचीच राहिली. बाईने शाबासकी दिली नाही. खांदा वर गेला होता म्हणाली. टाचणी म्हणाली, खांदा वर नव्हता. त्यावर दोघी दुपारपर्यंत भांडल्या, समोरासमोर, काकांना मध्ये न घेता.

मला अजून भिंतीवर परत लावलेले नाही. टाचणी रोज येते, तळवा टेकवते आणि उचलून घेते. पूर्वीसारखे कुणी मला आवळत नाही, याचे मला वाईट वाटते आणि त्यासाठी मी बाईला माफ केलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत, जिन्यात, व्यायामशाळेत माझ्यासारखे कुणी असेल तर त्याच्यावर लोंबकळू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड फुगते. स्क्रू सैल झाला असेल तर मोठ्यांना सांगा. आणि तुम्हाला कुणी शिकवत असेल, तर तो किती गोड बोलतो ते बघू नका. तो म्हणाला तिथे उभा असतो का, तेवढे मात्र नीट बघा.