तीन हातांचा पुतळा

कुंग फूच्या क्लासात सर सहज म्हणाले, “सरावाला एखादा लाकडी पुतळा असता तर!” आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, “मी करते की!”

सगळा वर्ग वळून बघायला लागला. काकू कपडे शिवायच्या. वीस वर्षं कात्री चालवलेली, पण करवतीला कधी हात लावलेला नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी क्लासला नाव घातलं, तेव्हाही लोक असेच बघत होते. आता शब्द मागे घेतील तर त्या काकू कसल्या!

वखारीतून माणसाच्या उंचीचा ओंडका आला. त्यात तीन हात बसवायचे, म्हणजे तीन आरपार भोकं पाडायची. काकूंनी कापडावर आखावं तसं खडूनं आखलं, पटाशी टेकवली आणि घातला हातोडा. ढलपी उडाली ती नेमकी रेघेच्या बाहेरची.

“उलटी धरलीयस,” दारातून सासूबाई म्हणाल्या. “सपाट बाजू रेघेकडे.”

काकू चाट पडल्या. “तुम्हाला काय ठाऊक?”

“सुताराची लेक आहे मी. वडिलांनी भावांना सगळं शिकवलं, मला नुसता भुसा झाडायला ठेवलं. पण डोळे मिटून झाडत होते का मी?”

एवढं बोलून सत्तरीच्या सासूबाईंनी बाह्या सरसावल्या. पटाशी हातात आली आणि त्यांचा चेहराच पालटला. आठ दिवस अंगणात ठोकाठोक. काकूंच्या तळहाताला फोड आले, गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून राहिले. पण पटाशी पलीकडून बाहेर आली आणि भोकातून उजेड दिसला, तेव्हा दोघी मोठ्यानं ओरडल्या.

मग दोघींचं वाजलं. सासूबाईंनी पहिला हात असा घट्ट ठोकून बसवला की हलायचं नाव नाही.

“अहो, तो थोडा हलायला हवा!”

“हलणारा जोड? माझ्या माहेरी असं काम केलं असतं तर घरात घेतलं नसतं कुणी!”

काकू सरळ उभ्या राहिल्या आणि त्या लाकडी हातावर मनगटाचा फटका दिला. कळ थेट खांद्यात गेली. “आई गं!”

सासूबाई उठल्या. हात काढला, रंधा फिरवला, पुन्हा बसवला. “मार आता.”

टक्! फटका बसला, हात जरासा हलला, परत जागेवर आला. मनगटाला काही नाही. टक्, टक्, टक्! काकू थांबेचनात.

“सरक,” सासूबाई म्हणाल्या, “मला बघू दे.” त्यांनी दिलेला फटका एवढा सणसणीत होता की काकू दोन पावलं मागे सरल्या.

रविवारी पुतळा क्लासात उभा राहिला. सरांनी तिन्ही हातांवर सपासप फटके दिले, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, “काकू, कुणाकडून करून घेतलात?”

“घरीच केला,” काकू म्हणाल्या. “आणि सर, सोमवारपासून आणखी एक नाव लिहून ठेवा. वय विचारू नका.”