सुडाने पेरलेला काटेमाठ

मी बांधावर वाळत पडलेला एक काटेमाठ आहे. मित्रांनो, आम्ही पडलो काटेरी तण, आम्हाला कुणी पेरत नाही. मला मात्र एका बाईने पेरले, तेही रागाने.

दौलताबादच्या किल्ल्याखाली जमिला शेळ्या राखत असे. तिथल्या नानासाहेबांनी आपल्या बांधावर विषारी औषध फवारले आणि कुणाला सांगितलेच नाही. जमिलाची दुभती शेळी तिथे चरली आणि तडफडून मेली. जमिला जाब विचारायला गेली.

"बांध माझा हाय. तुझ्या शेळीला मी आवतण दिलं व्हतं का?" असे म्हणून नानासाहेब जेवायला बसले.

जमिला रडली नाही. ती उकिरड्यावर गेली. तिथे भाजीचा तांदुळजा आणि काटेमाठ शेजारी शेजारी वाळत होते. आम्ही दिसतो सारखेच. तीच लांब देठाची पाने, तेच हिरवट तुरे. पण आमच्या पानांच्या बगलेत सुईसारख्या काट्यांची जोडी असते, तांदुळज्याला ती नसते. जमिलाने काटे पाहूनच झाडे निवडली. तुरे चोळून काळे, चकचकीत बी पदरात घेतले आणि नानासाहेबांच्या कांद्याच्या रानात मुठीमुठीने फेकले.

"आता उपट म्हणावं हातानं!"

पावसाळ्यात मी उगवलो. मलाही चेव आला होता. कांद्याचे खत मी खाल्ले, पाणी मी प्यालो, लालसर खोड टणक केले आणि नानासाहेबांच्या हाताची वाट पाहत राहिलो.

हात आला तो आवडाबाईचा. ती रोजाने खुरपायला येई. माझा काटा तिच्या नखात मोडला आणि बोट पिकून टम्म फुगले.

"आक्का, हे काय झालं?" तिच्या घराशेजारी राहणाऱ्या जमिलाने विचारले.

"कांद्यात लई काटेमाठ माजलाय. कोण्या मेलीनं पेरला की!"

जमिलाचा चेहरा उतरला. "मीच ती मेली," ती म्हणाली.

आवडाबाईने सुजलेले बोट तिच्यापुढे धरले. "शेळी मारली त्यानं, अन् बोट माझं व्हय?"

दुसऱ्या दिवशी जमिला रानात आली आणि मला उपटू लागली. नानासाहेब हसले. "रोजाचे पैसे पाहिजेत का?"

"तुमच्यासाठी नाय आले. तुमच्यावरचा राग तसाच हाय."

मी तिलाही टोचलो. तिने हात मागे घेतला नाही.

मित्रांनो, राग धरायचा तर धरा. पण मला कुणाच्या रानात टाकण्याआधी तिथे खुरपायला कोण बसते, ते बघून घ्या. मला माणसे ओळखता येत नाहीत.