गळ्यात पडलेला मफलर

मी मफलर बोलतोय. बोलणं हे खरं तर माझं काम नव्हे, माझं काम गळा झाकणं. पण ज्यांचा गळा मी झाकायचो ते मास्तरच बोलेनासे झाले होते. म्हटलं, निदान आपण तरी बोलावं.

जन्मानं मी स्वेटरची बाही. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, भाच्यासाठी विटकरी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. एक बाही होईपर्यंत भाचा एवढा वाढला की तो नाद सोडून द्यावा लागला. मग काकूंनी तीच बाही लांबवत नेली आणि लोकर संपल्यावर घरात सापडलेली जांभळी जोडली. त्यामुळे माझं एक टोक चिंचोळं, दुसरं रुंद, आणि रंगांचं एकमेकांशी पटत नाही. शिवाय मी टोचतो. मास्तरांनी मला पाहिलं, "छान आहे" म्हणाले आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवलं. कित्येक हिवाळे मी तिथे जुन्या अभ्र्यांखाली थंडीची वाट बघत पडून होतो.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे ओरडायचे. शेजारच्या सीटवरून ते 'ब्रेक' म्हणाले की पलीकडच्या गाड्याही थांबायच्या, असं काकू सांगतात. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, जीव वाचला. पण आवाजही गाठीबरोबर गेला. उरला तो कागद चुरगाळल्यासारखा, घोगरा, बारीक. आणि गळ्यावर एक आडवा व्रण. मास्तरांनी शिकवणं बंद केलं. दारावर कुणी आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसत. फोन आला की तो काकूंच्या हातात देत.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा व्रण झाकेल असं काहीतरी शोधताना मास्तरांच्या हाताला मी लागलो. माझा भाग्योदय झाला तो असा. मी मात्र समजलो की आपण मास्तरांच्या गळ्यातला ताईत झालो.

हिवाळाभर आम्ही तिघं सकाळी फिरायला जायचो. जुने विद्यार्थी भेटायचे, गाडी थांबवून विचारपूस करायचे. मास्तर मला हनुवटीपर्यंत ओढून नुसती मान हलवायचे. घसा धरलाय त्यांचा, थंडी आहे ना, असं काकू सांगायच्या. एवढा मोठा माणूस माझ्यामागे लपतोय, या विचारानं माझी लोकर फुलून यायची.

मग ऋतू बदलायला लागला, आणि काकूंना तो माझ्याआधी दिसला. त्यांची नजरच तशी. उघड्याबोडक्या फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की त्या मास्तरांची बाही ओढायच्या. न्हाणीघराच्या झरोक्यात चिमणी काड्या आणू लागली. हिवाळाभर घट्ट बसलेली स्वयंपाकघराची खिडकी एकदम उघडली. साखरेच्या डब्याकडे मुंग्यांची रांग लागली, तर काकूंना त्याचंही कौतुक. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं आपली खुर्ची बाहेर उन्हात मांडली. काकू हे सगळं दाखवायच्या, मास्तर बघायचे आणि पुढे चालायचे.

मला मात्र प्रत्येक कोंबात माझा राजीनामा दिसायचा. रस्त्यावरचे कोट उतरले, कानटोप्या उतरल्या. चिमणी काडी घेऊन उडाली की मी मास्तरांच्या गळ्याला आणखी घट्ट बिलगायचो.

पण मास्तरांनी मला सोडलं नाही. घामानं मान चिकट व्हायची, मला वास यायला लागला, तरी मी पदावर कायम. एका विद्यार्थ्यानं हसत विचारलं, "मास्तर, अजून थंडी वाजते?" तेव्हापासून ओळखीचं कुणी दिसलं की मास्तर रस्ता ओलांडायचे. मला धुवायला टाकते म्हणून काकूंनी हात पुढे केला, तर त्यांनी मला मुठीत धरलं.

"किती दिवस, अहो?" काकूंनी विचारलं. मास्तर मला घेऊन आतल्या खोलीत गेले. मी वसंत ऋतूला हरवलं, या खुशीत मी उशाशी झोपलो. अक्कल ही गोष्ट लोकरीत विणत नाहीत.

एके दिवशी आम्ही औषधांच्या दुकानामागच्या गल्लीतून परतत होतो. मास्तर पुढे, काकू मागे. एका उभ्या गाडीच्या मागे, भिंतीच्या तळाशी, काकूंना काहीतरी हिरवं दिसलं आणि त्या बघायला खाली बसल्या. तेवढ्यात गाडी सुरू झाली. चालवणाऱ्या होत्या दुकानातल्या बाई. गाडी नवी होती आणि हातही नवा. काचा बंद. गाडी पुढे यायच्याऐवजी मागे जायला लागली.

मास्तर ओरडले. मला ठाऊक आहे, कारण त्यांचा गळा माझ्याखाली थरथरला. 'ब्रेक' म्हणाले ते. पण तो आवाज माझ्यापर्यंत आला आणि माझ्यातच विरला.

पुढच्या क्षणी त्यांनी मला खेचून काढलं, धावत गेले आणि काचेवर सपकन मारलं. माझं जांभळं, रुंद टोक बाईंच्या डोळ्यांसमोर पसरलं. गाडी गचका खाऊन बंद पडली. काकू आणि गाडी यांच्यात हातभर जागा उरली होती.

बाई बाहेर आल्या. मागे कुणी आहे हे दिसलंच नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"आधी आरसा," मास्तर म्हणाले. आवाज तोच, चुरगाळलेला. "मग मान वळवायची. मग गाडी."

ऐकू यावं म्हणून बाई जवळ सरकल्या, वाकल्या आणि शब्दन् शब्द ऐकला. आधी घाबरल्यामुळे, मग खरोखरच शिकायचं म्हणून. मला शिकवाल का, असं त्यांनी तिथेच विचारलं.

काकू भिंतीचा आधार घेत उठल्या. आधी त्यांनी भिंतीतून आलेला कोंब दाखवला. मग त्यांचं लक्ष मास्तरांकडे गेलं.

"अहो, गळा उघडा आहे तुमचा."

"असू दे," मास्तर म्हणाले.

घरापर्यंत मी त्यांच्या हातात होतो, एक टोक रस्त्यावर घासत. ओळखीचे भेटले, पण मास्तरांनी रस्ता ओलांडला नाही.

आता मास्तर पुन्हा शिकवतात, हळू आवाजात. त्यांच्या शेजारी बसून हल्ली कुणी घाबरत नाही म्हणे. मला काकूंनी अखेर काल धुतलं. इतका आटलोय की दोन्ही रंग मिळून जेमतेम एक गळा भरेल. गच्चीत दोरीवर वाळतोय, उद्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी. तक्रार नाही. हिवाळा आला की हाक मारा, येईन. मात्र मास्तर, एवढंच सांगतो, थंडी वाजली तरच बोलवा.