तीच बांगडी

"चपला काढ आणि गप बस, नाहीतर घरी जा," कुमुद म्हणाली. "मी आज हॉस्पिटलला येणार नाहीये."

"आज गुरुवार आहे आई. दुपारी तुझं सलाईन आहे."

"गुरुवार आहे म्हणूनच तर इथं आलेय."

मानसनं चपला काढल्या नाहीत. दारातच उभा राहिला. मयूर विहारमधल्या त्या सोसायटीचा हॉल बायकांनी गच्च भरला होता. कोणी नोएडाहून, कोणी गुडगावहून, सगळ्या मेट्रोनं आलेल्या. कोणाच्या हाताला सूज, कोणाचा पाय जड, कोणाचे गुडघे गेलेले. समोर गादीवर चंद्रप्रभा माई बसल्या होत्या. हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, पुढ्यात तबक आणि तबकावर लाल फडकं.

"ही पट्टी कुठली?" माईंनी कापडाची एक लांब पट्टी उंच धरली. "पानिपतची. तिथं आपल्या बायकांच्या बांगड्या फुटल्या गं. ती माती अजून रडतेय. त्या मातीवर विणलेलं हे कापड. ती माती आता आपल्या लेकींना एकेक बांगडी परत देतेय."

अर्ध्या हॉलनं पदर डोळ्यांना लावला. दिल्लीतल्या मराठी माणसासमोर पानिपत म्हटलं की झालं, पुढचं कोणी ऐकतच नाही. मानसला मात्र वाटलं, यार, दिल्लीतल्या निम्म्या घरांत चादरी पानिपतच्याच असतात. मग सगळं शहर झोपेतच बरं व्हायला हवं होतं.

सतरा वर्षांचा होता तो. अकरावीत शाळा सोडली. मास्तरांशी भांडून सोडली असं तो सांगायचा, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं म्हणजे आई. बाबा, श्यामकांत, केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. त्यांना रोज सुट्टी कोण देणार? लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून आईला हॉस्पिटलात न्यायचं काम मानसकडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं.

खरं तर आई अगदी वेळेवर गेली होती. तीन वर्षांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली आणि त्याच आठवड्यात ती घराजवळच्या एका डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं नीट हात लावून पाहिलंसुद्धा नाही. "कुछ नहीं है, इस उम्र में होती है," म्हणाला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. ना फोटो काढला, ना सुई लावून तपासलं. आई हसत घरी आली आणि तिनं शिरा केला. मानसनं दोनदा मागून घेतला होता.

मग पाठ दुखायला लागली. तोवर कॅन्सर हाडांत पोचला होता. छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या आणि डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत फुगला. कणीक मळता येईना. ब्लाउजची एक बाही उसवून मोठी करावी लागली. नवे डॉक्टर म्हणाले, आजार पूर्ण जाणार नाही, पण सलाईनमधलं औषध चुकवलं नाही तर थोपवून धरता येईल.

आणि मागच्या गुरुवारी सरलाकाकू आईला इथं घेऊन आल्या. काकू याच सोसायटीत राहायच्या, आईची जुनी मैत्रीण. माईंनी आधी सगळ्यांसमोर हिरवी बांगडी आईच्या सुजलेल्या हातात घालून पाहिली. बोटांच्या पेरांशीच अडकली. मग हाताला पट्टी आवळली, हात उशांवर उंच ठेवला आणि सगळ्यांनी जप केला. जेवायच्या वेळेला पट्टी सोडली, तेल लावलं, आणि काय आश्चर्य, तीच बांगडी सुळकन मनगटावर. हॉल रडला. आईही रडली. हात उतरला म्हणजे मुळातला रोगही उतरला, असं माई म्हणाल्या. आता सलाईनचं विष कशाला?

संध्याकाळपर्यंत हात पुन्हा तेवढाच फुगला. साबण लावून बांगडी काढावी लागली. आईनं ती उजव्या, चांगल्या हातात घातली. दुसऱ्या दिवशी कप धुताना बांगडी त्या हातातून घसरली आणि सिंकमध्ये पडली.

"अच्छा? चांगल्या हाताला सैल होते?" मानसनं विचारलं होतं.

"मी वाळलेय रे किती."

"पंजाची हाडं वाळतात का?"

आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

"कुमुद, ये गं," माईंनी हाक मारली. आई पुढे जाऊन बसली. माईंनी तबकातली बांगडी घेतली आणि आईच्या डाव्या हातात रेटली. आईनं ओठ चावला. बांगडी पेरांवर अडली.

"पाहा सगळ्यांनी. जात नाही ना? आता ही तबकात ठेवते." लाल फडकं बाजूला झालं आणि पुन्हा पडलं.

मानस चपलांसकट आत आला. "माई, पट्टी सुटेपर्यंत ती बांगडी मी धरून बसतो."

"बाळा, सुवासिनीच्या बांगडीला पुरुषाचा हात लागत नाही."

"बिल्कुल. मग सरलाकाकू धरतील. काकू सुवासिनी आहेत ना?"

सरलाकाकूंनी नकळत हात पुढे केला. माईंनी तबक मांडीकडे ओढलं. "तबकाबाहेर काढली की शक्ती जाते."

मानसचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं. त्यानं फडकंच उचललं. खाली दोन बांगड्या होत्या, दोन्ही हिरव्या, सारख्याच नक्षीच्या. त्यानं एक आडवी धरली आणि दुसरी तिच्यातून खाली सोडली. कुठंही न लागता ती आरपार पडली आणि फरशीवर फुटली.

"तीच बांगडी ना ही?" तो म्हणाला. "मग स्वतःच्याच पोटातून कशी गेली?"

मागून एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, दोन-चार आणि दोन-आठ." बांगडीची मापं तिथं कोणाला सांगावी लागत नव्हती.

"पण हात उतरला होता रे थोडा," सरलाकाकू म्हणाल्या. "मी पाहिलाय."

"उतरणारच काकू. आवळून पट्टी बांधा, हात उंच ठेवा, आतलं पाणी सरकतं. हॉस्पिटलमधली फिजिओ आईला हेच शिकवते, पानिपतशिवाय. हात खाली आला की पुन्हा भरतो. थोडं काम पट्टीनं केलं, उरलेलं मोठ्या बांगडीनं. रोगाला यातलं काहीच कळलेलं नाही."

माईंचा आवाज चढला. "ज्याच्या मनात शंका, त्याच्या घरात रोग!"

"शंका घेतली नाही म्हणूनच आमच्या घरात रोग वाढला," मानस म्हणाला.

आई फरशीवरचे तुकडे गोळा करत होती, उजव्या हातानं. मान वर न करताच म्हणाली, "बांगडी मोठी आहे हे मला सिंकपाशीच कळलं होतं."

"मग आज का आलीस?"

"नवा डॉक्टर भेटला की पहिलं हेच विचारतो, इतनी देर क्यों कर दी. प्रत्येक जण. मी देर केली नव्हती रे, पहिल्याच आठवड्यात गेले होते." तिनं माईंकडे बोट केलं. "हिनं तेवढं विचारलं नाही."

हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. सरलाकाकू आईशेजारी खाली बसल्या आणि तुकडे वेचू लागल्या.

मानस हॉलकडे वळला. भाषण त्याला येत नव्हतं, आणि या सगळ्यांचा राग येत होता, आईचाही.

"त्या डॉक्टरनं न तपासता सांगितलं, काही नाही. हीसुद्धा न तपासताच सांगते, काही नाही. दोघंही आपल्याला जे हवं तेच बोलले. एक डॉक्टर चुकला म्हणून तपासणी खोटी ठरत नाही, त्यानं तपासणीच केली नव्हती. तुमच्यापैकी कोणाला गाठ लागली, तर समोर कोट असो की कुंकू, विचारा, कशावरून? फोटो काढा म्हणा. पटलं नाही तर दुसऱ्याकडे जा. लाजू नका. आई लाजली. आम्ही कोणीच विचारलं नाही, आणि मी तर शिरा खात—"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आईचा डावा हात आपल्या खांद्यावर उंच ठेवला, फिजिओनं दाखवला होता तसा.

"उरलेलं तुम्ही बघा. मला निघायला हवं आता. हिचं सलाईन आहे."