द्राक्षरसाचे छोटे कप

महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलुंडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं; येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस सगळे वाटून घेतात. आजवर द्राक्षरसाचा एकच मोठा प्याला सगळ्यांत फिरायचा. या रविवारी त्याच्या जागी ट्रेमध्ये प्लॅस्टिकचे छोटे कप आले. सूचना रुचिराची होती. ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली, भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. समितीच्या बैठकीत तिनं ओठ, लाळ, जंतू असं सगळं व्यवस्थित समजावलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चर्चचे धर्मगुरू, पाळक शिरसाठ, यांनी एवढंच विचारलं, "नंदूमुळे का गं?"

"नाही हो, पाळकसाहेब. सर्वसाधारण स्वच्छता."

नंदू म्हणजे नंदकिशोर भालेराव. रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळीतल्या मुलांची रविवारची शाळा घेणारे. रुचिराही त्यांच्याच हाताखाली शिकली होती. क्षयाची सहा महिन्यांची औषधं संपवून ते या रविवारी पहिल्यांदाच उपासनेला येणार होते.

ते आले. मंडळीच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना सलाम करून शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसले. ट्रे त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी कपांकडे जरा वेळ पाहिलं, एकही उचलला नाही, आणि ट्रे शेजाऱ्याकडे सरकवला. रुचिरा पुढे गायकांत बसली होती. तिला ते दिसलं.

उपासना संपल्यावर ती बाहेर गेली. नंदूकाका स्कूटरला टेकून बायकोची वाट पाहत होते. अनुपमाकाकू आत सगळ्यांना चहा देत होत्या.

"काका, तुम्ही घेतलं नाहीत?"

"नाही घेतलं. एक विचारू? हे कप माझ्यासाठी ना?"

"सगळ्यांसाठी, काका. हायजीन म्हणून..."

"अगं, आठ वर्षांची होतीस तेव्हापण खोटं बोलताना कान चोळायचीस. हात खाली घे." ते हसले. "घरी सहा महिने माझा ग्लास वेगळा. तुझ्या काकूनं बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. घाबरली होती बिचारी. रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी तिनंच तो ग्लास फेकला. मी म्हटलं, आता रविवारी सगळ्यांच्या प्याल्यातला एक घोट घेतला की मी बरा झालो. इथे बघतो तर सगळ्यांच्याच हातात ठिपक्याचा ग्लास."

रुचिराचा हात पुन्हा कानाकडे गेला; तिनं तो खाली घेतला.

"पुढच्या महिन्यापासून मी घरूनच मोबाइलवर बघेन. प्रवचन तेच, गाणी तीच. तुम्हालाही टेन्शन नको."

तो रिपोर्ट रुचिराच्याच लॅबमधला होता. शेवटच्या नमुन्याची स्लाइड तिनं स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिली होती. एकही जंतू नव्हता. क्षय हवेतून पसरतो, प्याल्यातून नाही, हेही तिला पाठ होतं. मंडळीत हे इतकं नेमकं माहीत असलेली ती एकटीच, आणि तरी त्यांच्यानंतर त्याच काठाला ओठ लावायची कल्पना तिला सहन झाली नव्हती. आपली किळस तिनं शास्त्राच्या भाषेत मांडली होती.

ती आत गेली. लोक चहा पीत गप्पा मारत होते. "जरा ऐका," ती म्हणाली. तिचा चेहरा तापला होता. "कप मी नंदूकाकांमुळेच आणायला लावले. गरज नव्हती, आणि मला ते माहीत होतं. मी खोटं बोलले."

अनुपमाकाकूंनी किटली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तू एकटीच कशाला गं पुढे होतेस?" मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर सरूबाई म्हणाल्या. "आम्हाला काय कळलं नव्हतं? आपल्याला बोलावं लागलं नाही, सुटलो, म्हणून माना हलवल्या."

"मी तर विचारलंही होतं," पाळक म्हणाले. "उत्तर खोटं आहे हे कळलं, आणि पुढचा विषय घेतला." त्यांना कुणाकडे बघवत नव्हतं. "एकमेकांपासून जपूनच राहायचं असेल, तर इथे जमायचं कशाला? ग्लास काय, प्रत्येकाच्या घरी आहे."

त्यांनी कपाट उघडून प्याला बाहेर काढला. लोक एकेक करून बाकांवर जाऊन बसले.

"अनुपमा, चल ना, किती वेळ!" करत नंदूकाका दारात आले आणि थबकले. कुणीच त्यांच्याकडे सरळ बघत नव्हतं.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"ये नंदू," पाळक म्हणाले. "मघाचं धरू नकोस. प्रभुभोजन पुन्हा मांडतोय."

काका दारातच उभे राहिले. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं. मग सावकाश पुढे येऊन रुचिराच्या बाकाशी थांबले.

"आधी मी पिणार. माझ्यानंतर तू. चालेल?"

रुचिराची मान वर होईना. ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल गं," मागून सरूबाई म्हणाल्या.

"चालेल, काका."